सिंपल प्रेझेंट आणि सिंपल पास्ट: मराठी मिडियमवाल्यांसाठी, एकदाचं नीट

आधीच सांगतो, बारा काळांचं कोष्टक इथे मिळणार नाही. ते आपण सगळ्यांनी शाळेत फळ्यावरून उतरवून घेतलंय, पाठ केलंय, पेपरात लिहून मार्कसुद्धा मिळवलेत, आणि तरी कोणी 'व्हॉट डू यू डू?' विचारलं की घशात काहीतरी अडकतं. रोजच्या बोलण्यातलं निम्म्याहून जास्त काम या दोनच काळांवर भागतं. बाकीचे नंतर, सवडीने.

मी स्वतः मराठी मिडियमचा, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं (पहिलीपासून ते २००० साली आलं), आता नोकरीत दिवसभर बाहेरच्या देशातल्या लोकांशी फोनवर बोलावं लागतं आणि रविवारी गल्लीतली चार पोरं घेऊन बसतो. त्यांचं बोलणं ऐकून एक गोष्ट पक्की झाली की आपण मराठी क्रियापदाचं शेपूट बघून इंग्रजी काळ ठरवतो, 'तो-ते' दिसलं की प्रेझेंट, 'ला-ली-लं' दिसलं की पास्ट, आणि घोळ तिथेच होतो. खालच्या सगळ्या पायऱ्या फिरून फिरून याच एका गोष्टीवर येतात, तेव्हा एवढं डोक्यात ठेवा: शेपूट नाही बघायचं, ही गोष्ट कधीची आहे ते बघायचं.

काय काय लागेल

- एक साधी वही, दोनशे पानी नको, छोटी चालेल, खिशात मावणारी असली तर उत्तम
- मोबाईलमधला व्हॉइस रेकॉर्डर
- कुठलीही डिक्शनरी जिच्या मागे अनियमित क्रियापदांची यादी असते, जुनी असली तरी चालेल, या यादीत काही बदललेलं नाही
- तुमच्या चुका ऐकून हसणार नाही असा एक माणूस, हे सगळ्यात अवघड

१. 'आहे'वाली वाक्यं आधी बाजूला काढा

इंग्रजीत वाक्यांचे दोन गट करून टाका. एक, ज्यात काही करणं नाही, नुसतं असणं आहे: मी दमलेला आहे, ती डॉक्टर आहे, आम्ही घरी होतो. इथे ॲम, इज, आर आणि मागच्या काळात वॉज, वेअर. दुसरा गट करण्याचा: जातो, खातो, राहतो, गेला, खाल्लं. इथे मुख्य क्रियापद एकटंच उभं राहतं, त्याला ॲम-इज-आरचा टेकू लागत नाही.

'आय एम गो', 'ही इज वर्क', 'आय वॉज गो' च्या चालीवरचं 'आय वॉज वेंट' ही सगळी मंडळी दोन गट एकत्र केल्यामुळे जन्माला येतात. 'मला माहीत आहे' मध्ये 'आहे' दिसतं म्हणून 'आय एम नो' म्हणणारे मी रोज ऐकतो. नो हे करण्याच्या गटातलं, म्हणून फक्त 'आय नो'. एवढी एक पायरी पक्की झाली तरी ऐकणाऱ्याला निम्मं बरं वाटतं.

२. सिंपल प्रेझेंट म्हणजे 'आत्ता' नाही, 'एरवी'

नावात प्रेझेंट आहे म्हणून लोकांना वाटतं आत्ता जे चाललंय ते. तसं नाही. सवय, कायमची गोष्ट, सगळ्यांना लागू असलेलं सत्य, यासाठी हा काळ. 'आय लिव्ह इन सातारा.' 'शी टीचेस मॅथ्स.' 'वॉटर बॉइल्स ॲट हंड्रेड डिग्रीज.'

गंमत म्हणजे हा फरक आपल्या बोली मराठीत आधीच आहे. 'मी चहा पितो' आणि 'मी चहा पितोय' यातला फरक तुम्हाला कोणी शिकवावा लागला नाही. पहिलं म्हणजे चहाचं वावडं नाही, दुसरं म्हणजे कप आत्ता हातात आहे. तर साधी युक्ती: मराठीत शेवटी 'य' लागत असेल, करतोय, जातेय, बघतोय, तर इंग्रजीत ॲम-इज-आर आणि आय-एन-जी. 'य' नसेल तर सिंपल प्रेझेंट. 'आय ड्रिंक टी', 'आय एम ड्रिंकिंग टी'.

ही युक्ती बऱ्याच वेळा चालते, पण चार ठिकाणी वेगळा विचार लागतो:

- 'मला कळत नाहीये.' इथे 'य' आहे, तरी इंग्रजीत 'आय डोन्ट अंडरस्टँड'. नो, अंडरस्टँड, लाइक, वॉन्ट, नीड, बिलीव्ह अशा मनातल्या क्रियापदांना सहसा आय-एन-जी लावत नाहीत. 'मला दोन भाऊ आहेत' चं 'आय एम हॅविंग टू ब्रदर्स' पण याच घरातलं, ते 'आय हॅव टू ब्रदर्स'. जेवण मात्र 'आय एम हॅविंग लंच' चालतं, कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं.
- 'उद्या फोन करतो.' आपण पुढची गोष्ट बिनदिक्कत 'करतो' ने सांगतो. इंग्रजीत 'आय कॉल यू टुमारो' नाही, 'आय विल कॉल यू टुमारो'.
- 'पाच वर्षांपासून पुण्यात राहतो.' इथे 'आय लिव्ह इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' हमखास येतं. मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला सिंपल प्रेझेंट पुरत नाही, 'आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स'. हे एक वाक्य सध्या तसंच पाठ करा, त्याचं व्याकरण पुढच्या मुक्कामाला.
- टाइमटेबल. 'द डेक्कन क्वीन लीव्ह्ज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन.' गाडी उद्याची असली तरी वेळापत्रकातली गोष्ट म्हणून सिंपल प्रेझेंट चालतो.

आणि हो, पेपर आणि क्रिकेट कॉमेंट्री ऐकून इंग्रजी शिकणाऱ्यांनी जरा जपून. कॉमेंटेटर समोर घडतंय ते सांगताना 'बुमराह रन्स इन, बोल्स' असं सिंपल प्रेझेंटमध्ये बोलतो, आणि पेपरवाले काल रात्री संपलेल्या मॅचची हेडिंग 'इंडिया बीट्स ऑस्ट्रेलिया' अशी वर्तमानकाळात देतात. ती त्यांची पद्धत. तुम्ही ऑफिसात सांगताना 'इंडिया वन यस्टरडे' असंच सांगा.

३. तो 'एस'

ही, शी, इट किंवा एकटं नाव आलं की प्रेझेंटमध्ये क्रियापदाला एस. हे सगळ्यांना माहीत असतं आणि बोलताना सगळे विसरतात. पण कुठे विसरतात हे बघा, फार मजेशीर आहे. 'माझा भाऊ बँकेत काम करतो' याचं 'माय ब्रदर वर्क्स इन अ बँक' पोरं बरोबर सांगतात. आणि लगेच पुढे 'माय फादर वर्क इन एसटी'. का? कारण आपण बाबांना 'करतो' म्हणत नाही, 'करतात' म्हणतो. डोक्यात आदरार्थी अनेकवचन असतं आणि ते गुपचूप इंग्रजीत उतरतं, मग एस गळतो. साहेब, आजी, मॅडम, डॉक्टर, काका, सगळ्यांच्या बाबतीत हेच. इंग्रजीत मान क्रियापदात नसतो, बाबा एक आहेत म्हणजे एकच: 'माय फादर वर्क्स', 'मॅडम टीचेस', 'आजी गोज टू द टेंपल'. अपमान होत नाही, काळजी नको.

याच्या उलट 'पीपल' अनेकवचनी, म्हणून 'पीपल से'. आणि 'एव्हरीबडी' मराठीत सगळे असले तरी इंग्रजीत एक, 'एव्हरीबडी नोज'.

एक सूट पण मिळते. आपल्याकडे तो जातो, ती जाते, ते जातात, मी जातो, मी जाते, असा लिंगाचा कारभार असतो. इंग्रजीत मुलगा असो मुलगी असो, 'गोज'. इंग्रजी शिकणाऱ्याने इतक्या स्वस्तात मिळालेली गोष्ट नाकारू नये.

उच्चाराचं: 'वर्क्स', 'स्टॉप्स' मध्ये एस म्हणजे स. 'गोज', 'लिव्ह्ज', 'कम्ज' मध्ये ज, 'जीव' मधला नाही, 'जहाज' मधला. 'टीच', 'वॉच', 'वॉश' च्या पुढे इज, 'वॉचिज'. आणि 'से' चं होतं आखूड 'सेज', 'सेईज' नाही.

४. नाही म्हणायचंय, विचारायचंय: डू, डझ, डिड

मराठीत 'नाही' शेवटी चिकटवलं की काम झालं. जात नाही, गेलो नाही. प्रश्नाला तर सूर वर नेला तरी पुरतं, 'जेवलास?' इंग्रजीत करण्याच्या गटातल्या क्रियापदांना मदतीला माणूस बोलवावा लागतो. प्रेझेंटला डू, ही-शी-इट असेल तर डझ, पास्टला डिड.

हा मदतनीस हमालासारखा आहे. काळाचं आणि एसचं सगळं ओझं त्याने उचललं, मागचं क्रियापद रिकाम्या हाताने चालतं. म्हणून:

- 'ही वर्क्स', पण 'ही डझन्ट वर्क', 'डझ ही वर्क?'
- 'आय वेंट', पण 'आय डिडन्ट गो', 'डिड यू गो?'

'आय डिडन्ट वेंट' आणि 'डिड यू सॉ?' हे मराठी माणसाचे लाडके प्रकार. कारण आपण आधी 'गेलो' चं 'वेंट' करतो आणि मग 'नाही' चं 'डिडन्ट' आणून पुढे ठेवतो. क्रम उलटा करा: आधी तोंडातून 'डिडन्ट' जाऊ द्या, मग क्रियापद आपोआप मूळ रूपात येतं.

'यू लिव्ह व्हेअर?' किंवा 'व्हेअर यू लिव्ह?' असं आपल्याकडे सर्रास चालतं आणि कळतंही, पण इंटरव्ह्यूत 'व्हेअर डू यू लिव्ह?' च म्हणा. फक्त एक अपवाद, प्रश्न 'कोणी' केलं किंवा 'काय' झालं असा असेल तर मदतनीस लागत नाही: 'हू टोल्ड यू?', 'व्हॉट हॅपन्ड?' 'व्हॉट डिड हॅपन?' सहसा कोणी म्हणत नाही.

'असणं' गटाला डू-डिड लागत नाही. 'डू यू रेडी?' नाही, 'आर यू रेडी?' 'आय डिडन्ट देअर' नाही, 'आय वॉझन्ट देअर'.

५. सिंपल पास्ट: वेळ सांगता येते? मग बिनधास्त

गोष्ट संपलीय आणि 'कधी?' ला उत्तर आहे, काल, गेल्या दिवाळीत, २०१५ ला, शाळेत असताना, की सिंपल पास्ट. 'इंडिया वन द वर्ल्ड कप इन १९८३.' 'द डेक्कन क्वीन स्टार्टेड इन १९३०.' 'आय मेट हिम लास्ट वीक.' किती जुनी गोष्ट आहे याने फरक पडत नाही, पाच मिनिटांपूर्वीची असली तरी हेच.

इथे आपला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे 'होतो'. 'काल मी नाशिकला गेलो होतो.' मराठीत हे अगदी नैसर्गिक, जाऊन परत आलो असा अर्थ. त्याचं शब्दाला शब्द 'आय हॅड गॉन टू नाशिक यस्टरडे' होतं, आणि हे इतकं पसरलंय की इंग्रजी पेपर वाचणारे मोठे मोठे लोकही असंच बोलतात. पाहिजे फक्त 'आय वेंट टू नाशिक यस्टरडे'. हॅड तेव्हाच, जेव्हा मागच्या एका गोष्टीच्याही आधीची दुसरी गोष्ट सांगायचीय: मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी गेलेली होती. तोवर हॅडला हात लावू नका. तसंच 'यस्टरडे' असलं की 'आय हॅव सीन' पण नको, 'आय सॉ'.

वेळेचे शब्दही आपण उचलून नेतो. 'दोन दिवसांपूर्वी' चं 'बिफोर टू डेज' होतं, ते 'टू डेज अगो', आणि अगो नेहमी 'टू डेज' च्या नंतर. 'काल रात्री' म्हणजे 'लास्ट नाइट', 'यस्टरडे नाइट' नाही. 'परवा' तर आपल्याकडे मागे पण जातो आणि पुढे पण, त्यामुळे आधी स्वतःशी ठरवा कुठला परवा.

चांगली बातमी, मराठीतला तो 'ने' आणि कर्माप्रमाणे बदलणारं क्रियापद इथे नाहीच. मी आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, पेरू खाल्ले, सगळीकडे 'एट'. आणि एसची कटकटही नाही: आय एट, शी एट, दे एट.

जाता जाता, 'आय वॉन्टेड टू आस्क समथिंग' मध्ये पास्ट का, असं पोरं विचारतात, विचारायचं तर आत्ता आहे ना. आपणही 'एक विचारायचं होतं' म्हणतोच की. नम्रपणा.

६. मराठीत 'ला-ली-लं', इंग्रजीत प्रेझेंट

ही पायरी पुस्तकात सहसा सापडत नाही, म्हणून इथे थोडं थांबा. मराठीत आपण कितीतरी आत्ताच्या गोष्टी भूतकाळात बोलतो, आणि आपल्या ते लक्षातही येत नाही.

'भूक लागली.' कधी लागली? आत्ता लागलेली आहे. म्हणून 'आय एम हंग्री', 'आय वॉज हंग्री' म्हटलंत तर समोरच्याला वाटेल सकाळी होती, आता जेवून आलाय. 'दमलो बुवा' म्हणजे 'आय एम टायर्ड'. 'कळलं' म्हणजे 'आय अंडरस्टँड' किंवा नुसतं 'गॉट इट'. 'बस आली!' असं आपण बस वळणावर दिसताच ओरडतो, इंग्रजीत 'द बस इज हिअर' किंवा अजून लांब असेल तर 'द बस इज कमिंग'. आणि 'आलोच!' हा तर कळस, माणूस अजून चप्पल शोधतोय आणि म्हणतोय आलो. त्याचं 'आय केम' करू नका, 'आय एम कमिंग'. 'बाबा रिटायर झाले' मध्ये दोन्ही शक्य आहेत, आता घरी असतात असं सांगायचं तर 'ही इज रिटायर्ड', कधी झाले ते सांगायचं तर 'ही रिटायर्ड इन २०१९'.

दुसरा प्रकार 'की' आणि 'तर' चा. 'पोचलो की फोन करतो.' बघा, पोचलो भूतकाळ, करतो वर्तमानकाळ, आणि दोन्ही गोष्टी अजून घडायच्यात! इंग्रजीत 'आय विल कॉल यू व्हेन आय रीच होम'. व्हेनच्या पुढे सिंपल प्रेझेंट, विल फक्त एकदाच. 'व्हेन आय विल रीच' पण नाही. 'पाऊस आला तर मी येणार नाही' म्हणजे 'इफ इट रेन्स, आय वोन्ट कम'. हे 'इफ इट केम रेन' असं झालेलं मी ऐकलंय, आणि मराठी डोळ्यांसमोर ठेवलं तर त्या पोराचं काही चुकलेलं नाही.

वहीत एक पान याच्यासाठी वेगळं ठेवा. दिवसभरात स्वतः काय काय 'ला-ली-लं' बोलता ते टिपा आणि प्रत्येकापुढे लिहा: झालेलं आहे, चाललंय, की व्हायचंय.

७. व्ही टू (क्रियापदाचं भूतकाळातलं रूप, वेंट, सॉ वगैरे) पाठ करायची पद्धत

गो-वेंट-गॉन असं ए टू झेड पाठ करू नका, यादी लांब आहे आणि त्यातली निम्मी क्रियापदं आयुष्यात लागत नाहीत. आधी बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी, गेट ही दहा. सगळ्यात जास्त वापरात हीच, आणि एकही ई-डीने होत नाही. वॉज-वेअर, हॅड, डिड, सेड, मेड, वेंट, टुक, केम, सॉ, गॉट.

मग चालीने गट करा:

- बॉट, ब्रॉट, थॉट, टॉट, कॉट: बाय, ब्रिंग, थिंक, टीच, कॅच
- सँग, रँग, ड्रँक, स्वॅम: सिंग, रिंग, ड्रिंक, स्विम
- केप्ट, स्लेप्ट, फेल्ट, लेफ्ट: कीप, स्लीप, फील, लीव्ह
- रोट, ड्रोव्ह, स्पोक, ब्रोक: राइट, ड्राइव्ह, स्पीक, ब्रेक
- कट, पुट, हिट, शट, कॉस्ट: जशीच्या तशी

'रीड' चं स्पेलिंग तेच राहतं, उच्चार 'रेड' होतो. 'बॉट' आणि 'ब्रॉट' मध्ये गोंधळ झाला तर र बघा, ब्रिंगमध्ये र आहे, ब्रॉटमध्येही आहे.

डिक्शनरीच्या त्या यादीत नसलेल्या बाकी सगळ्यांना ई-डी. पण उच्चार 'वॉकेड', 'वॉशेड' नाही. 'वॉक्ट', 'वॉश्ट', 'स्टॉप्ट' असा शेवटी हलका ट, 'प्लेड', 'कॉल्ड' मध्ये ड, आणि मूळ शब्द ट किंवा ड ने संपत असेल तरच पूर्ण इड, 'वॉन्टिड', 'नीडिड'.

८. आता एक उत्तर दुरुस्त करू

इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या एकाचं उत्तर, थोडं बदलून:

'माय फादर वर्क इन एसटी. आय कम्प्लीट बीकॉम इन २०२१. बिफोर टू इयर्स आय वॉज वर्क इन सीए ऑफिस. आय डिडन्ट लेफ्ट द जॉब, ऑफिस वॉज क्लोज. नाऊ आय एम नोइंग टॅली अँड आय लर्न एक्सेल.'

बाबा एकच, म्हणून वर्क्स. २०२१ सांगितलं म्हणजे वेळ आली, कम्प्लीटेड. बिफोर जाऊन शेवटी अगो. वॉज वर्क मध्ये दोन गट मिसळले, नुसतं वर्क्ड. डिडन्टने ओझं घेतलंय, लीव्ह. ऑफिस बंद पडलं ही घटना, क्लोज्ड. टॅली येतं, म्हणजे नो. एक्सेल शिकतोय, 'य' आला, लर्निंग.

'माय फादर वर्क्स फॉर एसटी. आय कम्प्लीटेड बीकॉम इन २०२१. आय वर्क्ड इन अ सीए ऑफिस टू इयर्स अगो. आय डिडन्ट लीव्ह द जॉब, द ऑफिस क्लोज्ड. आय नो टॅली अँड आय एम लर्निंग एक्सेल.'

शब्द जवळपास तेच, एकही भारी शब्द घातलेला नाही.

९. रोजचा सराव

रात्री मोबाईल समोर ठेवून दोन मिनिटं बोला. पहिलं मिनिट एरवी काय करता, दुसरं मिनिट आज काय केलं. तीच कामं दोन्हीत येऊ द्या: 'आय गेट अप ॲट सिक्स', 'टुडे आय गॉट अप ॲट एट'. नंतर ऐका, पण सगळ्या चुका एकदम पकडू नका, एक आठवडा फक्त एस, पुढचा आठवडा फक्त डिडच्या मागचं क्रियापद, मग 'हॅड' हाकलायचा आठवडा. एका वेळी सगळं सुधारायला गेलं की माणूस बोलायचाच थांबतो. बोलताना मध्येच अडकलात आणि काळ आठवेना, तर वेळेचा शब्द तेवढा सोडू नका. 'यस्टरडे' म्हणून क्रियापद चुकलं तरी समोरच्याला गोष्ट कालची आहे हे कळतं.

हॅव आणि व्ही थ्रीची (क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाची, गॉन, सीन वगैरे) जोडी, म्हणजे ते 'आय हॅव लिव्ह्ड' वालं, 'आय डिडन्ट गो' न अडखळता निघायला लागलं की घ्या.